‘नाही आवडला’ याच्या पुढचं वाक्य

रविवारी रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज पडतो: ‘पाहिला. बंडल आहे. वेळ घालवू नका.’ कोणीतरी विचारतं, ‘का रे?’ उत्तर येतं, ‘नाही आवडला. त्यात का काय?’ तिसरा म्हणतो, ‘तुला कळला नसेल.’ सकाळी उठून बघावं तर ऐंशी-नव्वद मेसेज साचलेले असतात, दोघांनी ग्रुप सोडलेला असतो आणि एवढ्या मजकुरात चित्रपटातल्या एकाही प्रसंगाचा उल्लेख नसतो.

आम्ही दहा-बारा जण बरीच वर्षं महिन्याला एक चित्रपट एकत्र पाहतो आणि मग चहावर बोलत बसतो. वर लिहिलं तसलं भांडण आम्ही समोरासमोर केलंय, फोनवरही केलंय. त्यातून आमची एक रीत बसत गेली, ती इथे पायरीपायरीने मांडतोय. एवढं सविस्तर लिहिण्याचं कारण साधं आहे. आमच्यातल्या ज्या माणसाला काय खटकलं ते नेमकं सांगता येतं, त्याने ‘हा बघाच’ म्हटलं की मी डोळे मिटून तिकीट काढतो. ज्याच्या तोंडी नुसतं ‘भारी’ आणि ‘भंगार’ असतं, त्याच्या भारीचाही मला उपयोग होत नाही.

उदाहरणांसाठी ‘श्वास’, ‘कोर्ट’ आणि ‘सैराट’ हे तीन चित्रपट घेतलेत. पुढे त्यांच्या शेवटांबद्दलही बोललोय. पाहिले नसतील तर आधी पाहून या, हा लेख कुठे जात नाही.

पायरी 1: आपण कोणतं वाक्य बोलतोय ते आधी ठरवा

वरवर सारखी वाटणारी चार वाक्यं आहेत. ‘मला आवडला नाही.’ ‘चित्रपट वाईट आहे.’ ‘बघू नका.’ ‘ज्यांना आवडला त्यांना सिनेमातलं काही कळत नाही.’

पहिल्या वाक्याला कारण लागत नाही. कारल्याची भाजी नको म्हणणाऱ्याला आपण पुरावा मागत नाही. दुसरं वाक्य मात्र बोलणाऱ्याबद्दल नसून वस्तूबद्दल आहे. ती वस्तू दहा जणांनी पाहिलेली असते, त्यामुळे ‘कुठे वाईट आहे, दाखव’ असं विचारण्याचा त्यांना हक्क असतो. तिसऱ्या वाक्यात तर आपण दुसऱ्याचे अडीच तास आणि तिकिटाचे पैसे यांबद्दल सल्ला देतोय. तिथे कारण न देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं, कारण ज्या गोष्टीने तुम्ही वैतागलात तीच समोरच्याला हवी असू शकते. चौथं वाक्य चित्रपटाबद्दल नाहीच. ते लिहूच नये.

बहुतेक भांडणं पहिल्या वाक्याने सुरू होत नाहीत. माणूस दुसरं किंवा तिसरं वाक्य बोलतो आणि कारण विचारलं की पहिल्याच्या आडोशाला जातो: ‘माझं मत आहे, मला हक्क आहे.’ हक्क असतोच. पण मुळात बोललेलं वाक्य वेगळं होतं, म्हणून समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं आणि आवाज चढतो.

रघुवंशाच्या सहाव्या सर्गात इंदुमतीचं स्वयंवर आहे. अंगदेशाच्या राजाला ओलांडून ती पुढे जाते, तेव्हा कालिदास म्हणतो की तो राजा हवासा वाटण्याजोगा नव्हता असं नाही, आणि तिला नीट पारखता येत नव्हतं असंही नाही, भिन्नरुचिर्हि लोकः, म्हणजे लोकांच्या आवडी वेगवेगळ्या असतात. हे शेवटचे शब्द आपण म्हणीसारखे वापरतो आणि आधीचा भाग विसरतो. नाकारलेल्याची योग्यता आणि नाकारणारीची पारख, दोन्ही शाबूत ठेवून कवीने तो नकार सांगितलाय. कारण न देता ‘नाही आवडला’ म्हणायचं असेल तर ते असं म्हणावं: वाक्य ‘मला’ने सुरू करावं आणि तिथेच थांबावं. पुढे कोणी कितीही टोकलं तरी ‘वाईट’वर घसरायचं नाही.

आणि वाद घालायचाच असेल, तर पुढच्या पायऱ्या.

पायरी 2: त्याच रात्री, कोणाशी बोलण्याआधी, जागा लिहून काढा

थिएटरमधून बाहेर पडताना आपल्याकडे मत असतं, कारण नसतं. कारण नंतर शोधावं लागतं आणि ते शोधायच्या आत दुसऱ्याचं ऐकलं की त्याचंच कारण आपलं वाटायला लागतं. यूट्यूबवरचं परीक्षण पाहून आलेला माणूस ‘पटकथा विस्कळीत आहे’ म्हणतो. कुठे विस्कळीत, असं विचारलं की गप्प होतो.

म्हणून घरी आल्यावर पाच मिनिटं कागद घ्या. चित्रपटाबद्दल विशेषणं लिहू नका, फक्त जागा लिहा. घड्याळ किंवा फोन कधी पाहिला? कोणत्या प्रसंगात शेजारच्याशी बोलावंसं वाटलं? कुठे हसू आलं, जिथे यायला नको होतं? कुठे आधी डोळे भरून आले आणि मग त्याचाच राग आला? शरीर खोटं कारण देत नाही. जिथे खुर्चीत चुळबुळ झाली, तिथेच काहीतरी असतं.

‘कोर्ट’ आपल्याकडे 2015 मध्ये लागला, तेव्हा माझ्या कागदावर तीनच ओळी होत्या. एक, कोर्ट उठल्यावर रिकाम्या खोलीवर कॅमेरा थांबतो, दिवे एकेक करून विझतात आणि तरीही चित्र पुढे सरकत नाही. दोन, बचाव पक्षाचा वकील दुकानात वाइन आणि चीज घेत हिंडतो. तीन, न्यायाधीश सहलीला जातात. ‘काही घडतच नाही’ असं ओरडत मी घरी आलो होतो. कागदावर पाहिलं तर माझी तक्रार त्याहून बारीक होती: खटला बाजूला पडल्यावर मी वैतागत होतो. या तक्रारीवर बोलता येतं. ‘काही घडतच नाही’वर फक्त भांडता येतं.

पायरी 3: अडलं कुठे ते शोधा, त्यासाठी हजार वर्षांपूर्वीची यादी वापरा

चित्रपट कसा पाहावा हे शिकवणाऱ्या शिबिरांना मराठीत ‘रसास्वाद’ शिबिर म्हणतात. तो शब्द ज्या परंपरेतून आला, तिथेच आपल्या कामाचं हत्यार पडलेलं आहे. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने साधारण हजार वर्षांपूर्वी भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिली, ती ‘अभिनवभारती’. प्रेक्षकाला रसाचा अनुभव येत नाही तेव्हा आड काय येतं, याची सात कारणं त्याने सांगितली आहेत. त्यांना रसविघ्नं म्हणतात. नावडीचं कारण सापडत नसेल तेव्हा मी ही सात नावं एकेक करून लावून बघतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्यालाच कुलूप उघडतं.

पहिलं विघ्न संभावनाविरह, म्हणजे समोरचं शक्यच न वाटणं. इथे ‘पटत नाही’वर थांबू नका, काय पटत नाही ते विचारा. घटना पटत नाही की माणसाचं वागणं? सोलापूरकडचा पोरगा सदाशिव पेठेतली भाषा बोलतो, म्हणून तर नाही? नायक दहा जणांना हवेत उडवतो, यात आपोआप दोष येत नाही; त्या चित्रपटाच्या जगात ते चालत असेल तर आपणही चालवून घेतो. अभिनवगुप्ताने याच मुद्द्यावर म्हटलंय की लोकांपलीकडचे पराक्रम दाखवायचे तर रामासारखा प्रसिद्ध नायक घ्यावा, कारण त्याच्यावर प्रेक्षकाचा विश्वास आधीच बसलेला असतो. खटकतं ते विश्वास मोडल्यावर. पहिल्या तासात साधी म्हणून उभी केलेली बाई शेवटी अचानक वकिलासारखं भाषण ठोकते, तिथे.

दुसरं विघ्न सगळ्यात अवघड आहे आणि आपल्या वादांत सगळ्यात जास्त तेच असतं. समोरचं सुखदुःख ‘हे माझं’ किंवा ‘हे अमक्याचं’ असं धरून पाहणं. स्वगत आणि परगत. ‘आमच्या गावाला असं दाखवलं’, ‘आमच्या समाजाला बदनाम केलं’, ‘हे त्यांचं, आपल्याला काय त्याचं’. ‘सैराट’च्या वेळी 2016 मध्ये हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं. चित्रपट न आवडलेल्या माणसाला थेट जात विचारली जात होती, आणि जातीमुळेच न आवडलेली काही माणसं ‘उत्तरार्ध जरा लांबलाय’ एवढंच म्हणत होती. म्हणून या विघ्नाची चौकशी दुसऱ्याची करू नये, स्वतःची करावी, आणि दार बंद करून करावी. माझ्या नावडीत मी कोण आहे याचा वाटा किती? वाटा निघाला तर नावड खोटी ठरत नाही. ‘अमक्या प्रसंगात आमच्याकडच्या बायका केवळ हसण्यासाठी वापरल्यात’ ही रास्त तक्रार आहे, ती तशीच उघड करावी. तिला ‘संकलन ढिलं आहे’ असा सोवळा वेश घालू नये. एकदा का खरं कारण लपवलं की आपण संकलनावर तासभर भांडतो आणि समोरच्याच्या एकाही उत्तराने आपलं समाधान होत नाही.

तिसरं निजसुखादिविवशीभाव. आपल्याच सुखदुःखात अडकलेलं असणं. पोटात भूक, डोक्यात उद्याची मीटिंग, मांडीवर कुरकुरणारं मूल. यावर उपाय म्हणून नाट्यात गाणं-बजावणं आणि सजवलेलं नाट्यगृह असतं, असं अभिनवगुप्त सांगतो, म्हणजे थकून आलेल्या प्रेक्षकाला आत ओढून घेणं हे त्याने नाटकाचंही काम मानलंय. तरीही कारण इथे निघालं तर मी त्या चित्रपटावर मत देत नाही. ‘मी नीट पाहिला नाही’ एवढं सांगतो. हे सांगायला लाज वाटण्यासारखं काही नाही.

चौथं आणि पाचवं मी एकत्र घेतो: कळण्याची साधनंच अपुरी असणं, आणि कळलं तरी ते स्पष्ट नसणं. संवाद ऐकू येत नाहीत, अंधारात कोण कोणाला मारतंय ते दिसत नाही. इथे एक गोष्ट तपासा: दोष चित्रपटाचा की पडद्याचा? ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा बराच वेळ लांब उभा असतो आणि माणसं चौकटीत लहान दिसतात. मोठ्या पडद्यावर आपण चौकटीत डोळे फिरवून हवं ते शोधतो. लोकलमध्ये उभ्याने फोनवर पाहणाऱ्याला तिथे नुसती भिंत दिसते. ‘कशावर पाहिलास?’ हा आमच्या चहाच्या टेबलावरचा पहिला प्रश्न असतो आणि अर्धे वाद तिथेच मिटतात.

सहावं अप्रधानता: जे मुख्य असायला हवं ते बाजूला पडून भलतंच पुढे येणं. ज्या चित्रपटाबद्दल ‘सगळं चांगलं आहे पण मजा नाही आली’ असं वाटतं, तिथे हे बघा. वेशभूषा सुंदर, गाणी सुंदर, ड्रोनने टिपलेला घाट सुंदर आणि ज्याची गोष्ट आहे तो माणूस मात्र मध्यंतरापर्यंत ओळखीचा झालेला नाही.

सातवं संशययोग. डोळ्यांतलं पाणी दुःखाचं असेल, आनंदाचं असेल किंवा डोळ्यांच्या रोगाचंही असेल, असा दाखला अभिनवगुप्ताने दिलाय. बाकीचा संदर्भ नसेल तर पाहणारा गोंधळतो. प्रसंग मृत्यूचा आणि पार्श्वसंगीत खट्याळ असेल तर आपल्याला कसं घ्यावं ते कळत नाही. काही दिग्दर्शक हा गोंधळ मुद्दाम घालतात. ‘मला कळेना हसू की रडू, आणि त्या न कळण्याने पुढे काही साधलं नाही’ असं म्हणता आलं तर ती नेमकी टीका झाली.

पायरी 4: विशेषणाच्या जागी प्रसंग ठेवा

रटाळ, ताणलेला, पाणी घातलेला, भडक, डोक्यावरून गेला, ओव्हरॲक्टिंग. हे शब्द वाईट नाहीत, मीही वापरतो. पण ते निकाल आहेत. वादात निकालाच्या आधीची सुनावणी लागते.

प्रत्येक शब्दाला एक साधा प्रश्न जोडा. ताणलेला: कोणता प्रसंग काढला असता तर चित्रपटाचं काही बिघडलं नसतं? भडक: मला आधीच कळलेली कोणती गोष्ट पुन्हा मोठ्याने सांगितली? ओव्हरॲक्टिंग: एकाच नटाचं की सगळ्यांचं? सगळ्यांचं असेल तर ती दिग्दर्शकाने ठरवलेली पट्टी असेल आणि तक्रार त्या पट्टीबद्दल करायला हवी. डोक्यावरून गेला: कुठपर्यंत कळत होता?

‘सैराट’चंच घ्या. ‘दुसरा भाग बोअर आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते वाक्य आहे असंही आता वाटत नाही. आमच्या गटातल्या एका मुलीने ते असं मांडलं: ‘आधी विहीर, शेतं, संथ गतीतलं धावणं आणि अजय-अतुलची गाणी असं सगळं दिलं. हैदराबादच्या वस्तीत आल्यावर ते सगळं काढून घेतलं. खोली, डोशाची गाडी, कारखाना, संशय, भांडण. मी ज्या चित्रपटाच्या प्रेमात पडले होते तो मध्येच संपला आणि दुसऱ्याच चित्रपटात मला बसवून ठेवलं.’ यावर दुसरा म्हणाला, ‘पळून गेल्यावर त्या दोघांचं नेमकं हेच होतं. त्यांचाही तो चित्रपट संपतो.’ ती म्हणाली, ‘मान्य. पण मला ते कळलं म्हणून तो भाग कमी लांब वाटला नाही.’ दोघंही बरोबर होते. त्या संध्याकाळी कोणी कोणाला हरवलं नाही, पण मध्यंतरानंतर तो चित्रपट काय करतो हे मला पहिल्यांदा दिसलं. शेवटी आवाजच काढून घेतलाय आणि लहान मूल रक्ताची पावलं उमटवत चालत बाहेर येतं. ते शांत होणं कित्येक मिनिटं आधीपासून सुरू झालेलं होतं, हे मला त्या मुलीच्या नावडीमुळे कळलं.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने अभिरुचीवरच्या 1757 च्या निबंधात ‘डॉन क्विक्झोट’ या स्पॅनिश कादंबरीतली एक गोष्ट घेतलीय. नायकाचा सेवक सांचो, त्याच्या घराण्यातल्या दोघांना पिंपातली दारू चाखून मत द्यायला सांगतात. एक म्हणतो, चांगली आहे, पण जरा चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, चांगली आहे, पण लोखंडाची लागते. सगळे त्यांना हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली जुनी किल्ली सापडते. या दोघांनी दारूला नुसती नावं ठेवली असती तर किल्ली सापडूनही काही सिद्ध झालं नसतं. त्यांनी काय लागलं ते सांगितलं होतं. ‘मला चामडं लागलं’ इतकं साधं कारण पुरतं. मोठा सिद्धान्त लागत नाही, चित्रपटाच्या तंत्राचे शब्द लागत नाहीत.

इथे एक चकवा आहे, त्यापासून जपा. ‘मी असतो तर शेवटी दोघांना वाचवलं असतं’ हे कारण झालं नाही. तो तुमच्या डोक्यातला चित्रपट आहे. समोर जो आहे त्याने काय करायचं ठरवलं होतं आणि ते त्याला जमलं का, हा पहिला प्रश्न. जे ठरवलं तेच करण्याजोगं नव्हतं, असं वाटत असेल तर तेही म्हणा, पण ते दुसरं कलम आहे हे सांगून म्हणा.

पायरी 5: लिहायला बसल्यावर

चार-पाच वाक्यं पुरतात. कोणत्या वाक्याची जबाबदारी घेताय ते आधी. मग एक प्रसंग, मग तिथे तुम्हाला काय झालं, मग चित्रपट तिथे काय करू पाहत असावा याचा अंदाज, आणि शेवटी कोणाला तो आवडू शकेल. नवा चित्रपट असेल तर शेवट फोडू नका. कारण देण्याच्या भरात हे फार होतं. पूर्वार्धातला प्रसंग निवडला की अडचण येत नाही.

नमुना देतो: ‘कोर्ट मला आवडला नाही. खटला रंगत आला की चित्रपट उठून वकिलांच्या घरी जातो. सरकारी वकीलबाई लोकलने घरी येऊन स्वयंपाक करतात ते पाहताना मला आरोपी शाहिराची काळजी लागली होती आणि ती काळजी तशीच विरून गेली. यंत्रणेतली माणसंही साधी माणसंच आहेत हे दाखवायचं असावं. मला ते लवकर कळलं आणि नंतर वाट पाहावी लागली. निकालापेक्षा माणसं बघायला आवडणाऱ्याने जरूर बघावा.’

एवढं लिहिलं की ‘तुला कळला नाही’ हे उत्तर देताच येत नाही, कारण काय कळलं ते तुम्ही लिहिलेलं असतं. समोरच्याला बोलायचं तर त्याला चित्रपटातच शिरावं लागतं.

पायरी 6: समोरचा कारण देत नसेल तेव्हा

‘का?’ हा शब्द लिहिल्यावर पोलीस चौकीतल्यासारखा दिसतो. त्याऐवजी विचारा: ‘कुठे सुटला?’ ‘पहिल्यापासूनच की मध्यंतरानंतर?’ ‘त्यातलं काय बरं वाटलं?’ शेवटचा प्रश्न विशेष कामाचा. रागावलेला माणूसही ‘गाणी बरी होती’ म्हणतो आणि ‘मग काय बरं नव्हतं’ याचं उत्तर त्यामागून आपसूक येतं.

हेतू शोधू नका. ‘तू अमक्याचा फॅन आहेस म्हणून’, ‘तुम्ही शहरातले म्हणून’, ‘पैसे मिळाले असतील’. यातलं काही खरं असलं तरी त्याने चित्रपटाबद्दल काही सिद्ध होत नाही आणि माणूस कायमचा तुटतो. त्याने दिलेलं कारण पोकळ वाटत असेल तर त्या कारणाशी झुंजा.

दोनदा विचारून उत्तर आलं नाही तर सोडून द्या. हे मी एका घरगुती अनुभवावरून सांगतोय. ‘श्वास’ आमच्या घरी सगळ्यांना आवडला होता, मावशी सोडून. ती म्हणाली, ‘मला नाही आवडला,’ आणि उठून आत गेली. तेव्हा मी वयाने आणि बुद्धीने लहान होतो. तिच्यामागे लागलो: आजोबांचं काम चांगलं नाही का, तो मुलगा किती नैसर्गिक वागतो, ऑपरेशननंतर दृष्टी जाणार म्हणून आजोबा त्याला दवाखान्यातून बाहेर नेऊन एक दिवस जग दाखवतात, यात वाईट काय आहे? ती काही बोलली नाही. आईने नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की मावशीने स्वतःच्या मुलाला घेऊन दवाखान्याच्या बाकांवर वर्ष काढलं होतं. तिसऱ्या विघ्नाचं नाव मी पुढे पुस्तकात वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा मावशीच आठवली. तिने ‘वाईट आहे’ कधीच म्हटलं नव्हतं. ‘मला नाही आवडला’ एवढंच म्हटलं होतं, आणि त्या वाक्याला कारण मागायचं नसतं.

पायरी 7: आकडे आणि पुरस्कार टेबलावरून उचला

हे थोडक्यात. ‘श्वास’ आणि ‘कोर्ट’ या दोघांनाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, दोघांनाही भारताने ऑस्करसाठी पाठवलं. ज्याला ते आवडले नाहीत त्याच्यासाठी यात एकही कारण नाही. परीक्षकांनी काय पाहिलं ते सांगता येत असेल तर ते सांगा. गल्ल्याचंही तेच: किती जण आत गेले ते कळतं, बाहेर येताना काय घेऊन आले ते कळत नाही.

समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या वेबसाइटची टक्केवारी तर बहुतेक जण चुकीची वाचतात. 90 टक्के म्हणजे दहापैकी नऊ गुण नव्हेत. शंभर समीक्षकांपैकी नव्वदांचं मत अनुकूल होतं, एवढाच त्याचा अर्थ. ते नव्वद जण ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ म्हणाले असतील तरीही आकडा 90च येतो.

पायरी 8: मत बदलायला दार उघडं ठेवा

अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्टने 2003 च्या कान महोत्सवात ‘द ब्राउन बनी’ पाहिला आणि महोत्सवाच्या इतिहासातला सर्वांत वाईट चित्रपट म्हणून त्याला झोडपलं. दिग्दर्शक आणि तो यांच्यात जाहीर, वैयक्तिक, अतिशय कडवट शब्दांची देवघेव झाली. मग दिग्दर्शकाने चित्रपट पुन्हा कापला, सुमारे 26 मिनिटं कमी केली. एबर्टने तो पुन्हा पाहिला आणि 2004 मध्ये चारपैकी तीन तारे दिले. कापल्यामुळे काय सुधारलं हेही त्याने लिहिलं. आपल्या नावडीची जागा ठाऊक असल्याशिवाय हे करता येत नाही. ‘भंगार’ म्हणून मोकळा झालेला माणूस पुन्हा बघेल कशाला आणि बदललेलं ओळखेल कसं?

तुमच्यासाठी चित्रपट कोणी पुन्हा कापणार नाही, पण तुम्ही बदलता. म्हणून पायरी दोनमधले कागद फेकू नका. एक वही करा, प्रत्येक नावडत्या चित्रपटाला अर्धं पान द्या, तारीख घाला. चार-पाच वर्षांनी त्यातला एखादा पुन्हा पाहा आणि पाहून झाल्यावरच जुनी नोंद वाचा. आधी वाचली तर डोळे तीच जागा शोधत राहतात.

माझ्या वहीत ‘कोर्ट’च्या पानावर 2015 च्या त्या तीन ओळी आहेत आणि खाली 2021 ची नोंद आहे. ‘दिवे विझल्यावरची रिकामी खोली: या वेळी घड्याळ पाहिलं नाही. खटला महिनोन्महिने लांबतो म्हणजे काय, ते बसल्या जागी कळलं. वाइन-चीजचा प्रसंग: आता तोच सगळ्यात आवडता. सहल: अजूनही पटत नाही. बाकावर झोपलेल्या न्यायाधीशांना पोरं ओरडून उठवतात आणि ते एकाला थप्पड मारतात, तिथे इतका वेळ काही न सांगणारा चित्रपट एकदम बोट दाखवतो. संशययोग नाही, उलट फार स्पष्ट. पुढच्या महिन्यात चहावर काढायचं.’